खांदेरीचा वारा

पुण्याहून नगरच्या रस्त्याला लागले म्हणजे काही मैलांवर वाघोली लागते. २०२१ साली हे गाव पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि शहराच्या गजबजाटात मिसळून गेले. तथापि वाघेश्वराचे देऊळ, त्याच्या जवळचा तलाव आणि पिलाजी जाधवरावांची समाधी, एवढी जुन्या वाघोलीची ओळख अजून शाबूत आहे. पिलाजी हे थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या काळातील नामांकित सरदार. वयाने व अनुभवाने वडील, मसलतीत शहाणे आणि स्वारीत कणखर. त्यांचे सारे आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेले. वाघोलीपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सत्तर-पंचाहत्तर मैल दूर आणि मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. अशा गावच्या स्वाराचा आणि समुद्राचा संबंध तो काय असावयाचा, असे कोणासही वाटेल.

परंतु १७२१ सालच्या अखेरीस पिलाजी जाधवराव पेशव्यांच्या घोडदळाबरोबर घाट उतरले आणि अलिबागेच्या वाळूवर येऊन उभे राहिले. मुंबईकर इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज यांनी मिळून कान्होजी आंग्रे यांच्या कुलाबा किल्ल्यावर मोहीम काढली होती, तिचा समाचार घेण्यासाठी. त्या किनाऱ्यावरून वायव्येकडे नजर टाकली म्हणजे क्षितिजाच्या अलीकडे दोन काळसर ठिपके दिसतात. जवळचा ठिपका उंदेरी, पलीकडचा खांदेरी. कुलाब्याचा किल्ला ओहोटीच्या वेळी घोड्यावरून गाठता येतो. खांदेरीला मात्र घोडा पोहोचत नाही. तेथे जावयाचे तर वाऱ्यावरच स्वार व्हावे लागते. ते बेट मराठ्यांच्या हाती कसे आले आणि कसे राहिले, ही हकीकत या वाऱ्याच्या स्वारांची आहे.

या हकीकतीत एक कोडे आहे. १६७९ साली खांदेरीपुढे जी मोठी आरमारी लढाई झाली, तीत मराठ्यांचे आरमार मागे हटले. समुद्रातील लढाई हरणाऱ्याच्या हातून बेट जावे, हा साधा हिशेब. येथे उलट घडले. लढाई इंग्रजांनी जिंकली आणि बेट मराठ्यांकडे राहिले. हे कसे झाले, याचे उत्तर तोफांच्या संख्येत सापडत नाही. ते बेटाच्या जागेत आणि तेथे वाहणाऱ्या वाऱ्यात शोधावे लागते.

खांदेरी हे थळच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन मैलांवर, मुंबईच्या दक्षिण टोकापासून बारा-तेरा मैलांवर आहे. बेट लहान, त्यावर एक मोठी व एक धाकटी अशा दोन टेकड्या आणि मध्ये सखल जागा. भोवती खडक पसरलेले, त्यांना चिकटलेल्या कालवांच्या कडा वस्तऱ्यासारख्या धारदार. अनोळखी माणसाने पाय टाकला तर तळवा चिरून निघावयाचा. पूर्वेला उंदेरी आणि तिच्यामागे कोकणची किनारपट्टी. पश्चिमेला मात्र काहीच नाही. खांदेरीच्या मागे उघडा सिंधुसागर आहे आणि त्याच्या पलीकडे थेट अरबस्तान.

आता वाऱ्याचा विचार करू. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा मोसमी वारा या किनाऱ्यावर धडकत असतो. त्या दिवसांत शिडाची गलबते किनाऱ्यावर ओढून ठेवीत, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावाचून कोळी दर्यात उतरत नसे. पावसाळा सरला म्हणजे वाऱ्याचा दिनक्रम पालटतो. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरची थंड हवा धावते. हा दुपारचा खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र मात्र उबदार राहतो. मग हवेचा ओघ उलटतो आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. मतलई पहाटे मंदावतो, खारा वारा दिवस वर आल्यावर जोर धरतो आणि या दोहोंच्या सांध्यावर काही वेळ समुद्र निवांत पडतो. शाळेतील भूगोलाच्या पुस्तकात हे दोन वारे दोन ओळींत आटोपतात. थळच्या तांडेलाचे आयुष्य मात्र या दोन ओळींवरच उभे असे.

शिवाजी महाराजांना हे बेट कशासाठी हवे होते? जंजिऱ्याचा सिद्दी हा त्यांचा समुद्रावरील कट्टा वैरी. तो आपले आरमार पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात आणून ठेवी आणि तेथून कोकणपट्टीवर लूटमार करी. मुंबई १६६८ पासून ईस्ट इंडिया कंपनीकडे होती, आणि कंपनीला ना सिद्दीला दुखवावयाचे होते, ना महाराजांशी उघड वैर पत्करावयाचे होते. खांदेरीवर ठाणे बसले तर मुंबईच्या तोंडाशी येणारेजाणारे प्रत्येक जहाज नजरेखाली येणार होते. १६७२ साली महाराजांनी तेथे तटबंदीचा पहिला प्रयत्न केला, परंतु इंग्रज व सिद्दी यांची जहाजे आडवी येताच तो बेत त्या वेळेपुरता सोडून दिला. सोडला तो बेत होता, संकल्प नव्हे.

सात वर्षांनी, १६७९ च्या ऑगस्टअखेर, मायनाक भंडारी याने दीडशे माणसे व चार लहान तोफा घेऊन बेटावर पाय ठेवला. पावसाळा अजून पुरता सरला नव्हता. मोठी जहाजे ज्या दिवसांत बंदराबाहेर काढण्यास धजत नाहीत, नेमके ते दिवस या माणसांनी निवडले. इंग्रजांना वार्ता लागली तेव्हा बेटावर दगडांचा कठडा उठू लागला होता. मुंबईहून काही शिबाडे धावून आली. बेट आमचे आहे, येथून निघून जा, असे बजावण्यात आले. धन्याच्या हुकुमावाचून हलणार नाही, असे उत्तर मिळाले. मग वादळी हवेने इंग्रजांनाच काही काळ माघारी लोटले. पुन्हा ते आले, आणि १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला. तो कठड्यावरून झालेल्या माऱ्यात ठार झाला आणि त्याच्याबरोबरचे काही जण मारले गेले. येथून खऱ्या युद्धाला तोंड लागले.

यानंतर कंपनीने ‘रिव्हेंज’ नावाची सोळा तोफांची फ्रिगेट, काही गुराबा व शिबाडे यांचा वेढा बेटाभोवती घातला. रिव्हेंजवर कॅप्टन मिंचिन आणि रिचर्ड केग्विन हे दोन अनुभवी अधिकारी होते. यांपैकी केग्विन हा पुढे १६८३ साली कंपनीविरुद्ध बंड करून वर्षभर मुंबई बळकावून बसला, यावरून माणसाचा वकूब कळावा. १८ ऑक्टोबरला उजाडताना नागावच्या बाजूने दौलतखानाचे आरमार बाहेर पडले. गलबते पन्नासांच्या घरात होती. नाळेवरच्या तोफा डागीत ती इतक्या वेगाने अंगावर आली की इंग्रजांना नांगर उचलून शिडे भरण्यास पुरता अवसर मिळाला नाही. वेळ पाहिली म्हणजे यातील मर्म ध्यानात येते. पहाटेच्या त्या संधीला वारा मंद असतो. शिडावर विसंबणारे जड जहाज अशा वेळी जागच्या जागी डोलत राहते, आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांचे गलबत मात्र मनाला येईल तिकडे वळते. अर्ध्या तासाच्या आत ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती पडली. दुसरी गुराब दूरच राहिली आणि लहान जहाजांनी पळ काढला. रिव्हेंज एकटी उरली.

परंतु ती एकटीही भारी ठरली. तिच्या तोफांचा मारा मराठ्यांच्या हलक्या गलबतांना सोसवणारा नव्हता. पाच गलबते बुडाली, बाकीची मागे फिरली आणि रिव्हेंजने त्यांचा नागोठण्याच्या खाडीपर्यंत पाठलाग केला. खोल पाण्यात, समोरासमोर, तोफेशी तोफ भिडली तेव्हा मराठ्यांचे आरमार कमी पडले, हे कबूल केल्यावाचून गत्यंतर नाही. स्वकीयांच्या पराक्रमाचे पोवाडे गाताना ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारणही नाही. झाकली तर पुढची थोरवीच कळेनाशी होईल.

कारण लढाई संपली आणि वेढा तसाच चालू राहिला. आणि वेढ्याच्या कामात जिंकणाऱ्यांचे काही चालेना. रात्री अंधार पडला म्हणजे थळच्या किनाऱ्यावरून लहान होड्या सुटत. त्यांत तांदूळ, पाणी, दारूगोळा, चुना आणि ताज्या दमाची माणसे असत. मतलई वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो, म्हणजे थळकडून खांदेरीकडे. जो वारा या होड्यांना पाठीवर थाप मारून पुढे पाठवी, तोच वारा बेटाबाहेर उभ्या असलेल्या इंग्रज जहाजांच्या तोंडावर येई. होडी पकडावयाची तर त्यांना वाऱ्याच्या उलट, नागमोडी वाट काढीत किनाऱ्याकडे सरकावे लागे आणि तेथे उथळ पाणी व बुडालेले खडक त्यांची वाट अडवीत. माल उतरवून होड्या वल्ह्यांच्या बळावर उजाडण्यापूर्वी परत जात. या चपळ होड्यांपुढे आपली जहाजे लंगडी पडतात, अशी हताश कबुली मुंबईच्या अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात उमटली आहे. ज्यांची तोफ लांब पल्ल्याची होती त्यांना रात्री नेम धरता येईना. ज्यांची तोफ तोकडी होती त्यांना रात्रीची दिशा पाठ होती.

या फेऱ्या सोप्या होत्या असे मात्र समजू नये. मतलईवर सुटलेली होडी अंधारात बेटापासून चारशे हात चुकली तर पुढे तिला अडविणारी जमीन नाही. वारा तिला थेट उघड्या समुद्रात लोटणार. दिवा लावावा तर शत्रूला दिसावयाचा, हाक मारावी तर ऐकू जावयाची. मग दिशा कशी कळे? आकाशातील नक्षत्रांवरून, पाण्याच्या ओढीवरून, खडकावर फुटणाऱ्या लाटेच्या आवाजावरून. भरती की ओहोटी, उधाण की भांग, हे त्या माणसांना कोणी वहीत लिहून दिलेले नव्हते. बापाने मुलाला, मामाने भाच्याला, होडीत बसवून दिलेली ती विद्या होती. असे बेट नवशिक्याचे नव्हे. ते जाणत्यालाच जवळ येऊ देते.

इकडे बेटावर भिंत रोज वाढत होती आणि तिकडे वेढ्याचा खर्चही रोज वाढत होता. कंपनी ही अखेर व्यापाऱ्यांची संस्था. महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे फौज जमवून मुंबईलाच धाक घातला, तेव्हा सुरतेच्या वरिष्ठांना एका खडकाळ बेटापायी सारा व्यापार पणाला लावणे परवडेना. नोव्हेंबरात सिद्दीचे आरमार इंग्रजांच्या मदतीला आले. पण बेट जिंकलेच तर ते सिद्दीच गिळील, ही नवीच धास्ती इंग्रजांना पडली. १६८० च्या आरंभी त्यांनी मराठ्यांशी समेट केला आणि खांदेरी महाराजांकडे राहिली. सिद्दीने त्याच जानेवारीत शेजारची उंदेरी बळकावून तेथे तोफा चढविल्या. तो हल्ला परतविताना दौलतखान स्वतः जखमी झाला. हाकेच्या टप्प्यावरची ही दोन बेटे त्यानंतर कित्येक दशके एकमेकींवर गोळे फेकीत राहिली. उंदेरी मराठ्यांच्या हाती आली ती १७५९ साली. समेटानंतर थोड्याच दिवसांनी, ३ एप्रिल १६८० रोजी, महाराजांचा अंत झाला. खांदेरी ही त्यांच्या आरमारी राजकारणाची शेवटची मोठी कमाई.

पुढे कान्होजी आंग्रे यांच्या हाती हे बेट आल्यावर मुंबईकरांना त्याची बोच अधिकच जाणवू लागली. १७१८ साली गव्हर्नर चार्ल्स बून याने मोठा काफिला जमवून खांदेरीवर हल्ला केला. बेटावर तोफांचा भडिमार झाला, सैनिक उतरविण्याचा प्रयत्न झाला आणि तो परतविला गेला. समुद्राकडून जमत नाही असे पाहून १७२१ साली जमिनीवरून कुलाबा घेण्याची ती मोठी इंग्रज-पोर्तुगीज मसलत निघाली. कमोडोर मॅथ्यूज इंग्लंडच्या राजाची जहाजे घेऊन आला, गोव्याचा व्हाइसरॉय जातीने हजर राहिला. परंतु या खेपेला सामना वाळूवर होता, आणि वाळूवर सह्याद्रीचा घोडा आपल्या घरी होता. पेशव्यांच्या घोडदळाने पोर्तुगिजांच्या फळीवर झडप घातली, ती फळी फुटली आणि तटाला भिडलेल्या इंग्रजांनाही तोफा टाकून मागे फिरावे लागले. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगिजांनी इंग्रजांस बाजूस ठेवून बाजीरावांशी वेगळा तह केला. वाघोलीच्या पिलाजीरावांचा समुद्राशी संबंध आला तो असा. समुद्रावर थळच्या होडीने जे राखले होते, ते किनाऱ्यावर देशावरच्या घोड्याने राखले. एकाला वाऱ्याची जात ठाऊक होती, दुसऱ्याला घोड्याची. आणि राज्य टिकते ते अशा दोन विद्यांची गाठ पडते तेव्हा.

तथापि इतिहासाच्या दरबारात या दोन विद्यांना सारखा मान मिळाला नाही, हेही सांगितले पाहिजे. पिलाजीरावांची वाघोलीस समाधी आहे, घराण्याला इतिहास आहे, बखरी व कागदपत्रांत नाव आहे. मायनाक भंडाऱ्याचे नाव आपल्याला कळते, कारण शत्रूने ते आपल्या दप्तरात नोंदविले. आणि रात्रीमागून रात्र वल्ही मारणाऱ्या शेकडो कोळी-भंडाऱ्यांपैकी एकाचेही नाव कोठे उरलेले नाही. १८ ऑक्टोबरच्या लढाईत बुडालेली पाच गलबते मोजली गेली. त्यांतील माणसे कोणी मोजली?

या जुन्या विद्येला आपल्या काळात एक नवे रूप आले आहे, त्याचा उल्लेख येथे अस्थानी होणार नाही. पतंगाच्या ओढीने पाण्यावर धावण्याचा खेळ आता जगभर पसरला आहे. कल्पना जुनीच. ब्रिस्टलचा शिक्षक जॉर्ज पोकॉक याने १८२६ साली पतंगांनी ओढली जाणारी गाडी तयार केली. सॅम्युअल कोडी याने १९०३ साली पतंगाने ओढलेल्या होडीतून कॅलेहून डोव्हरपर्यंत इंग्लिश खाडी पार केली. १९८४ साली फ्रान्समधील लगेनू बंधूंनी पाण्यात पडला तरी पुन्हा उडविता येणाऱ्या, हवा भरलेल्या पतंगाचे पेटंट घेतले आणि त्यातून आजचा खेळ उभा राहिला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच्या शर्यती झाल्या. आपल्याकडे रामेश्वर बेटावर आणि धनुष्कोडीच्या वाळूवर हे खेळाडू वाऱ्याच्या हंगामात जमतात. पायाखाली फळी, हाती दोऱ्यांचा लगाम आणि डोक्यावर पतंग. फळीची कड पाण्यात रोवून वाऱ्याला तिरके जाण्याची युक्ती तीच, जी शिडाच्या गलबताला ठाऊक होती. आणि पहिला धडाही तोच. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असेल, तर नवशिक्याने पाण्यात उतरू नये. एकट्या बेटाच्या वाऱ्याखाली उघडा समुद्र असेल, तर तेथे केवळ मुरलेल्या माणसानेच जावे. चुकलेल्याला झेलणारी जमीन तेथे नसते. आजच्या खेळाडूच्या मदतीला यांत्रिक नौका असते, अंगावर तरते जाकीट असते. १६७९ च्या तांडेलापाशी यांतले काही नव्हते, आणि तो खेळावयास निघालेला नव्हता.

खांदेरीवर १८६७ पासून दीपगृह आहे. ज्या पाण्यात दिवा लावणे म्हणजे मरण होते, तेथे आज दिवा वाट दाखवितो. १९९८ साली बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले, त्यांत शिवनेरी, रायगड, प्रतापगड यांच्या पंक्तीला खांदेरीही बसली. हा मान योग्यच झाला. परंतु तट, बुरूज आणि तोफा यांची नोंद करता येते, वाऱ्याच्या ज्ञानाची करता येत नाही. ते माणसांत असते आणि माणसांबरोबर जाते. खांदेरीवर वेताळाचे ठाणे आहे. कोळी लोक आजही होडी घेऊन त्याच्या दर्शनाला जातात. आता होडीला यंत्र असते, शिडाची गरज उरलेली नाही. तरी थळच्या किनाऱ्यावर रात्र पडली म्हणजे मतलई सुटतोच आणि थेट खांदेरीकडे वाहू लागतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी तांदळाची पोती आणि चुन्याच्या गोण्या घेऊन जी माणसे त्याच्यावर स्वार झाली, त्यांची नावे त्याला विचारून उपयोग नाही. दगडाचा तो कठडा मात्र अजून उभा आहे, आणि तो त्यांनी वाहून नेलेल्या चुन्याने सांधलेला आहे.